जुना रंधा चकाचक करण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सुतारी हत्यारांवर लेख आला होता. विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण रंध्यांवर पेपरात कोणी लिहितं हेच मुळात दुर्मिळ. पण त्यातला सल्ला वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की गंजलेला रंधा हाती लागला की ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळा काळा थर उडवायचा, मुठी घासून नवीन पॉलिश मारायचं, बिडाच्या भागावर काळा स्प्रे पेंट मारायचा आणि शोकेसमध्ये ठेवायचा. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. नंतरच्या फोटोतला रंधा चमकतोय हे खरं, पण मला त्यात पहिलं काय दिसलं तर फ्रॉगच्या मागची जागा, जिथे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात, ती जाड रंगाने भरून गेलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रॉग म्हणजे लोखंडी रंध्यात पातं ज्याच्यावर तिरकं टेकतं तो ठोकळा. अमेरिकेत बोस्टनला लिओनार्ड बेली नावाचा कारागीर होता, त्याने १८५० आणि ६० च्या दशकांत लोखंडी रंध्यावर बरीच पेटंटं घेतली आणि १८६९ मध्ये ती स्टॅनले रूल अँड लेव्हल कंपनीकडे गेली. आज जगात कुठेही लोखंडी रंधा उचला, पात्यामागचं ते पितळी चाक फिरवून पातं खालीवर करायची जी सोय आहे ती जवळपास तिथूनच आलेली. स्टॅनलेने मग पुढची कितीतरी वर्षं या रंध्यात बारीकसारीक बदल केले आणि प्रत्येक बदल आज आपल्याला वय सांगतो. पातं डावीउजवीकडे सरकवायची पट्टी १८८० च्या दशकाच्या मध्यात आली, त्याआधीच्या रंध्यांना ती नाहीच. फ्रॉग पुढेमागे करायचा स्क्रू १९०७ च्या सुमारास आला. पुढची मूठ आधी बुटकी आणि गोल होती, पहिल्या महायुद्धानंतर उंच झाली. लिव्हर कॅपवरचं, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या लोखंडी टोपीवरचं, भोक १९३३ मध्ये किडनीच्या आकाराचं झालं. आणि फ्रॉगच्या मागे २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१० अशा तीन तारखा एकाखाली एक सापडल्या तर तो रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला समजायचा, आणि बरेच लोक, त्यात मीही आलो, कामासाठी याच काळातले रंधे शोधत असतात. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळेना तेव्हा त्या पितळी चाकाच्या जागी कडक रबराचं चाक आलं. असं चाक बघून लोक नकली समजून बदलून टाकतात आणि युद्धकाळातल्या रंध्याची सगळ्यात मोठी खूण कचऱ्यात जाते.

पात्यावर हृदयाच्या आकारात एस डब्ल्यू ही अक्षरं दिसली तर ती १९२० ते १९३५ च्या दरम्यानची. १९२० मध्ये स्टॅनले वर्क्स या कंपनीत रूल अँड लेव्हल विलीन झाली आणि तिथे अनेक वर्षं प्रमुख राहिलेल्या विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून ते हृदय आलं. हा शिक्का फार खोल नसतो, ग्राइंडरचा ब्रश जरा जोरात धरला की गेला. मग त्या पात्याबद्दल सांगायला काय उरलं?

मला लेखकावर टीका करायची नाहीये, हौशी माणूस आहे आणि हौसेनेच हे केलंय हे दिसतंय. पण रंध्याला हात लावायच्या आधी हा ठेवायचा आहे की वापरायचा आहे हे ठरवलं पाहिजे, आणि दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी जे परत लावता येणार नाही ते काढायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. गंज काढला तर बिघडत नाही, गंज हा रोगच आहे. पण गंज वेगळा आणि वर्षानुवर्षं हात फिरून, तेल लागून धातूवर जो तपकिरी काळपट रंग चढतो तो वेगळा, तो खालच्या लोखंडाला सांभाळतो. तो एकदा उडवला की आपल्या आयुष्यात परत येत नाही.

लाकडी रंध्यांचं तर याहून नाजूक. बेलीच्या धर्तीचा लोखंडी रंधा फार तर पावणेदोनशे वर्षांचा, पण रंधा हे हत्यार रोमन काळापासून आहे, पॉम्पेईच्या राखेत सापडलेत, १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश जहाजावरच्या सुतारांच्या सामानातही सापडलेत. जुन्या इंग्लिश लाकडी रंध्यांच्या पुढच्या टोकावर बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि बऱ्याचदा त्याच्या आजूबाजूला मालकांचे शिक्के, कारण कामाच्या जागी हत्यारं मिसळू नयेत म्हणून सुतार आपलं नाव ठोकायचे. माझ्याकडच्या एका बीचच्या गोल रंध्यावर असे तीन मालक आहेत, एकाने आधीच्याच्या नावावर आपलं नाव मारलंय आणि खालची अक्षरं अजून वाचता येतात. उजव्या बाजूला अंगठा टेकून टेकून एक उथळ खळगा पडलाय, आपला अंगठा बरोबर त्यात बसतो. आता हे लाकूड पॉलिश पेपरने घासलं तर काय होईल सांगा, शिक्के उथळ होतील, खळगा पसरट होईल आणि मुख्य म्हणजे कडा गोल होतील. कडांवरूनच तर वय कळतं! अठराव्या शतकातल्या रंध्यांच्या वरच्या कडांना रुंद, सपाट तास, म्हणजे तिरका छेद, मारलेला असतो, पुढे पुढे तो अरुंद आणि गोलसर होत गेला. लांबीही तशीच, जुने नक्षीचे रंधे दहा इंच किंवा थोडे जास्त लांब असायचे, मग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साडेनऊ इंच हे माप पक्कं झालं. टोकाला तडा गेलाय म्हणून कोणी अर्धा इंच कापून सरळ केला की संपलं, पुढच्या बघणाऱ्याची कायमची दिशाभूल.

हे शिक्के इतके महत्त्वाचे का, तर एक उदाहरण देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावात फ्रान्सिस निकोल्सन नावाचा रंधे बनवणारा होता, त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा एक गुलाम होता, तोही रंधे बनवायला शिकला. १७५३ मध्ये निकोल्सन वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने चेलरला मोकळं केलं, थोडी जमीन, हत्यारं आणि लाकूड दिलं. आणि चेलरने पुढे १७८४ मध्ये मरेपर्यंत स्वतःच्या नावाने रंधे बनवले. त्याच्या रंध्यांच्या टोकावर त्याचं नाव आणि खाली लिव्हिंग इन रेंथम, म्हणजे मुक्काम रेंथम, असा शिक्का आहे. आधी जो माणूस दुसऱ्याची मालमत्ता म्हणून मोजला जायचा त्याने लाकडावर ठोकलेलं हे नाव. ते आज आपल्याला वाचता येतं कारण मधल्या अडीचशे वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या हातात ते रंधे आले त्यांच्यापैकी कोणी ते टोक घासून स्वच्छ केलं नाही. मी जेव्हा जेव्हा हातात काळाकुट्ट लाकडी रंधा घेतो तेव्हा आधी टोक बघतो, तिरपा उजेड पाडून बघतो, कारण समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून येतात. ओला फडकासुद्धा त्याच्यानंतर.

आता शोधायचं कसं, यावर लेखात फारसं नव्हतं म्हणून लिहितो. चांगले रंधे सजवलेल्या दुकानात कमी आणि बंद पडलेल्या कारखान्यात, वर्कशॉप मोडताना, कोणाच्या आजोबांच्या पेटीत जास्त मिळतात. पेटी मिळाली तर पेटीसकट घ्या, एकेक हत्यार सुटं करू नका, कारण एका माणसाने एकत्र वापरलेली हत्यारं एकत्र असतील तरच त्याचं काम काय होतं ते कळतं. आणि देणाऱ्याला विचारा, कोण वापरायचं, काय बनवायचे. ही माहिती त्या घराबाहेर कुठेच नसते आणि एका पिढीत जाते.

हातात घेतल्यावर गंज बघून घाबरू नका, वरवरचा गंज काहीच नाही. तडे बघा. लोखंडी रंध्यात तीन जागा, पात्याच्या तोंडाच्या, म्हणजे पातं तळातून जिथून बाहेर येतं त्या फटीच्या, दोन्ही कोपऱ्यांत, बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडेला, आणि फ्रॉग जिथे स्क्रूने बसतो तिथे. बीड ठिसूळ असतं, एकदा उंचावरून फरशीवर पडलं की भिंतीला चीर जाते, आणि कोणीतरी वेल्डिंग करून वर रंग मारलेला असू शकतो म्हणून भिंतीवरून नख फिरवून बघायचं, नख अडकतं. लिव्हर कॅपचे खालचे कोपरे तुटलेले असतात कारण लोकांनी तो स्क्रूड्रायव्हरसारखा वापरलेला असतो. मागच्या मुठीचं वरचं शिंग तुटलेलं असणं इतकं कॉमन आहे की ते दोषच धरू नका, तुकडा असेल तर चिकटतो. पात्यात मात्र पाठ बघा, म्हणजे धारेची सपाट बाजू. गंजाचे खड्डे धारेपाशी असतील तर धार नीट लागणारच नाही, प्रत्येक खड्डा लाकडावर एक रेघ उठवतो. खड्डे वर लांब असतील तर काही फरक पडत नाही.

सुटे भाग एकाच रंध्याचे आहेत का हेही बघायला हवं. शंभर वर्षांत पातं झिजलं की सुतार दुसरं घालायचा, त्यात गैर काही नाही, ते त्या रंध्याचं आयुष्य आहे. विकणारा तीन मोडक्या रंध्यांतून एक बनवून अस्सल म्हणून विकतो ते वेगळं. अर्थात वर दिलेली वर्षं अगदी काटेकोर धरू नका, कारखान्यात जुना माल संपेपर्यंत जुनेच भाग लावायचे, त्यामुळे एका रंध्यात दोन काळ दिसणं शक्य आहे. आणि स्टॅनलेचा एक नंबर, तो जेमतेम साडेपाच इंचांचा पिटुकला रंधा, कोणी देत असेल तर दहादा तपासा, त्याच्या नकला भरपूर झाल्यात.

गंज काढण्याबद्दल. आधी खोलण्यापूर्वी फोटो काढा. स्टॅनलेच्या स्क्रूंचे आटे आजच्या बाजारातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत त्यामुळे एक स्क्रू हरवला किंवा मोडला तर बदली मिळणं अवघड, आणि बऱ्याच रंध्यांवर ते पितळी चाक उलट्या आट्यांचं असतं, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने सुटतं, हे न कळता लोक पकड लावून जोर करतात आणि चाक खरवडून ठेवतात. जाम झालं असेल तर पातळ तेल सोडून थांबा. एक रात्र, दोन रात्री, काय घाई आहे. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण भरेल असाच घ्या, कमी जाडीचा घेतला की खाचेच्या कडा फाटतात.

हलक्या गंजाला तेल आणि बारीक स्टील वूल पुरतं, बऱ्याच रंध्यांना याच्यापुढे जायची गरजच पडत नाही. पात्यावरचा जाड गंज सपाट धरलेल्या ब्लेडने खरवडून निघतो. खूपच खराब असेल तर इलेक्ट्रोलिसिस, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रंधा निगेटिव्हला आणि एखादा टाकाऊ लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही हा याचा मोठा फायदा. पण पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो म्हणून हे उघड्यावर करायचं, आसपास ठिणगी नको, आणि सप्लाय बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. मूळ काळा जपानिंगचा, म्हणजे कारखान्यात चढवलेल्या काळ्या लाखेसारख्या रंगाचा, थर सुटत आला असेल तर तो यात गळून पडू शकतो आणि निकेल चढवलेले भाग यात टाकूच नयेत, त्यामुळे संग्रहातल्या चांगल्या रंध्यावर मी हे करणार नाही. व्हिनेगरचं तर अनेकजण सांगतात पण आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं, बीड जास्त वेळ राहिलं तर करडं पडतं आणि हाताला काळं लागत राहतं, कारण लोखंड जातं आणि बिडातला ग्रॅफाइट वर राहतो. कोणी नंतर ऑइलपेंट मारलेला असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते आणि ती धूळ श्वासात जाते, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नको.

लाकडी रंध्याची पाचर पक्कडीने ओढू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे, पाचरीवर पक्कडीचे दात उमटलेले इतके रंधे बघितलेत की वाईट वाटतं. लाकडी हातोड्याने रंध्याच्या मागच्या टोकावर टोला मारायचा, पाचर आपोआप सैल होते, जुने सुतार असंच करायचे म्हणून तर मागची टोकं ठोकून ठोकून चेपलेली दिसतात. नक्षीच्या रंध्याच्या पाचरीला वर खाच असते, तिथे खालून हलकेच ठोकायचं. कीड दिसली, म्हणजे भोकातून ताजी पांढरी पावडर पडत असली, तर रंधा आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये घाला, संग्रहालयांतही ही पद्धत वापरतात. जवसाचं तेल लावायचं तर अगदी पुसट, रंधा तेलात बुडवून ठेवायचा सल्ला जुना आहे पण त्याने लाकूड काळं पडतं आणि पाचरीच्या खाचेत चिकट थर बसतो. आणि जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून टाकून देऊ नका, तो आपोआप तापून पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

तळ सपाट करायचा की नाही यावर फार वाद आहेत. ठेवायचा असेल तर हातच लावू नका. वापरायचा असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासायचा, पातं आत ओढून पण लिव्हर कॅप आवळलेलीच ठेवून, कारण त्या दाबाने बीड केसभर वाकतं आणि कामाच्या वेळी ते तसंच वाकलेलं असणार आहे. तळावर मार्करने रेघा मारल्या की कुठे घासलं जातंय ते दिसतं. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक एका पातळीत आले की थांबा. मध्ये कुठे खोलगट राहिलं तरी रंधा उत्तम चालतो, आरशासारखा तळ करायच्या नादात लोक तोंड रुंद करून बसतात आणि मग लाकूड उचकटायला लागतं.

धार लावणं मात्र बिनधास्त करा, कारण धार लावणं हे त्या हत्याराच्या आयुष्याचाच भाग आहे. जुनी पाती बहुतेक दोन धातूंची असतात, धारेपुरतं कडक पोलाद आणि मागे मऊ लोखंड, निसण्यावर घासताना कडेला दोघांमधली रेघ स्पष्ट दिसते. ग्राइंडरवर पातं निळं पडलं तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, म्हणून शक्यतो हातानेच, पंचवीस ते तीस अंशांत. मग पाठ सपाट करायची, चिपब्रेकरची, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या पट्टीची, कड पात्याला अशी मिळवायची की मधून उजेड दिसता कामा नये, नाहीतर ढलपी तिथेच अडकते. हे जमलं की जी ढलपी येते, लांब, अख्खी, इतकी पातळ की तिच्यातून खालची छापील अक्षरं वाचता येतात, ती बघून कोणीही मला सांगावं की रंधा शोकेसमध्ये छान दिसतो.

शेवटी एक छोटं काम. प्रत्येक रंध्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा, कुठून आला, कोणाचा होता, आपण काय केलं, कोणता भाग बदलला, काढलेला भाग कुठे ठेवलाय. काढलेलं काहीही फेकू नका, तुटकी मूठसुद्धा. आपल्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला मूळचं काय आणि आपलं काय हे कळलं पाहिजे.

संपादक साहेब, तुमची पुरवणी खूप घरांत वाचली जाते आणि तो फोटो बघून या आठवड्यात कितीतरी लोक माळ्यावरचा रंधा खाली काढून ग्राइंडर जोडतील. म्हणून विनंती आहे की पुढच्या अंकात निदान चौकटीत तरी एवढं छापा, आधी टोक आणि फ्रॉगच्या मागची जागा तपासा, फोटो काढा, तेल आणि स्टील वूलने सुरुवात करा, स्टेनलेस वापरू नका आणि तेलाचे बोळे सांभाळा. आणि जमलं तर संग्रहालयात लाकूड-धातूच्या वस्तू जतन करणाऱ्या एखाद्या जाणकाराकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्या, आम्ही वाचक वाट बघू.

आपला,
एक नियमित वाचक